दोरीवरचे तीन लंगोट

अरे अरे, ते ओआरएसचं पाणी बाटलीनं नको देऊ भैया, चमच्यानं दे. बाटलीनं दिलं की सगळं ओकून टाकते अन् पोटात काही राहत नाही. हं, अस्सं. एक चमचा, मग थांब, मग एक चमचा. ओकलं तं ओकू दे — दहा मिनिटं थांब, पुन्हा सुरू कर. कंटाळायचं नाही. हिंदीत बोल तू, चालते, मराठी समजते न? घरी आई बोलते म्हणतो? बरं. हव, बस झालं तेवढं. माह्या घरी बी तसंच, मी मराठीत विचारतो, माहा पोरगा पराग हिंदीत सांगते. भनपुरीहून आले काय तुम्ही? ट्रान्सपोर्टात? बरं. किती महिन्यांचा पोट्टा? नऊ. आमची नात सातची आहे. मीनल. ती कोपऱ्यातल्या खाटेवर झोपली न, हाताले पट्टी बांधली, तीच. सकाळीच सुई काढली सिस्टरनं. आज सुट्टी देऊन राहिले. सून खाली कागद करायले गेली, म्हणून मी बसलो इथं दारापाशी — इथून खाट दिसते. मी वासुदेव. रेल्वेत गार्ड होतो गोंदियाले, चौतीस वर्षं.

तुले वाटत असन, या बुढ्याले एवढं कसं माहीत. तीन दिवसांत शिकलो रे! त्याच्या आधी काही येत नव्हतं मले. पराग लहान होता तवा त्याले गोवर निघाला, दात आले, एकदा तं म्हणे फिट आली — मले सगळं मागून कळलं. मी लाइनवर. घरी यावं तं पोट्टा बरा होऊन अंगणात खेळून राहिला. सुशीलानं वाढवलं त्याले, माह्या बायकोनं, एकटीनं. ती गेली दोन वर्षांआधी. मग भोपाळपासून तुटून हे नवं राज्य झालं, तिथून ट्रक भरभरून फायली आल्या, अन् देवयानीले, म्हणजे सुनेले, मंत्रालयात जागा भेटली. पराग बिजलीच्या ऑफिसात, त्याले सदा दौरा — आता बी जगदलपुरात अडकला आहे. मी गोंदियाचं घर बंद केलं अन् इथं ब्राह्मणपाऱ्यात आलो यांच्याजवळ. देवयानीची बाळंतपणाची सुट्टी संपली तवा ती म्हणे, बाबा, शंकर नगरात पाळणाघर आहे, चांगल्या बाया आहेत, तिथं ठेवू. मी भडकलो! म्हटलं, मी काय मेलो? आजा घरात असताना लेकरू परक्याच्या हाती देता काय? ती इतकंच म्हणाली, "बाबा, तुमचं वय —" अन् थांबली. ते लागलं मले.

दीड महिना झकास गेला. काय सांगू तुले — साठ वर्षं पार केल्यावर पयल्यांदा लेकरू काय असते ते पाहिलं मी. दुपारी माह्या छातीवर झोपे पोट्टी. मी हलत नव्हतो, पाय सुन्न होऊन जाये पण हलत नव्हतो. अन् मग हा मंगळवार. देवयानी नवाले गेली, साडेनवाले पयली उलटी. मग जुलाब — पाण्यासारखे, एकामागे एक. अकराले तिचा फोन आला ऑफिसातून. म्हटलं, एक उलटी झाली, आता खेळून राहिली. ती म्हणे, येऊ काय मी? नको म्हटलं, मी आहे न. तिनं समजावून सांगितलं मले — डब्यात ओआरएसचं पाकीट आहे, उकळून थंड केलेल्या लिटरभर पाण्यात टाका, चमच्यानं पाजा, अन् बाबा, सू होते की नाही ते पाहत राहा, तेच महत्त्वाचं आहे. मी बाटलीनं पाजलं. म्हणून तं तुले टोकलं मघाशी. लवकर पोटात जाईन असं वाटलं. सगळं माह्या सदऱ्यावर आलं. मग घाबरलो अन् तासभर काही पाजलंच नाही. दोन वाजता पुन्हा फोन. सू झाली काय बाबा? म्हटलं, झाली, दोनदा झाली.

नाही रे, नव्हती झाली. विसरलो मी. वय झालं, गडबडीत ध्यानात नाही राहिलं. होते असं.

पाच वाजता ती आली, लेकराले पाहिलं अन् तशीच उचलून डॉक्टरकडे घेऊन आली, इथंच. मी बी मागं मागं. डॉक्टरनं विचारलं, पेशाब कितनी बार हुआ? देवयानीनं सांगितलं, तीन बार. डॉक्टर म्हणे, तं मग ठीक आहे, पाणी पाजत राहा, घरी जा. माहा जीव भांड्यात पडला, खोटं नाही सांगत. घरी गेलो. अन् घंट्याभरात पोट्टी अशी ढिली पडली — डोळे आत, टाळूवर हात ठेवला तं खड्डा. रडे, पण डोळ्यांतून पाणी नाही. तू पाहिलं काय कधी लेकरू बिनपाण्याचं रडताना? देव करो नको पाहू. पुन्हा ऑटो, पुन्हा इथं. त्या टेबलापाशी उभा होतो मी, अन् माह्या तोंडून निघालं — डॉक्टरसाहेब, सकाळपासून एकदाही नाही झाली. त्यानं माह्याकडे असं पाहिलं! मग धावपळ. नस भेटत नव्हती, चार जागी टोचलं, देवयानीनं तिचा हात धरला, मी पाय. देवयानी मले म्हणे, बाबा, तुम्ही तं झाली म्हणाले. म्हटलं, घोळ झाला माहा, विसरलो पोरी. मग म्हणाली, जाऊ द्या बाबा, वयच आहे. बस. एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी पोट्टीनं सिस्टरच्या अंगावर सू केली, तवा आम्ही दोघं हसलो बी. देवयानीनं स्वतः चहा आणून दिला मले.

काय? तीन? हव, मी फोनवर दोन सांगितली होती. डॉक्टरले तिनं तीन सांगितली.

तू बी बारीक ऐकतो रे. तीन कुठून आली म्हणतो.

दोरीवर तीन लंगोट होते. जुलाबाचे असले तं बालदीत साबणात भिजत असतात, नुसत्या सूचे पाण्यातून काढून मी दोरीवर टाकतो, तिले माहीत आहे. घरात शिरल्या शिरल्या तिनं दोरी पाहिली. मोजले अन् लेकरू उचललं.

कोरडे होते ते. घडी केलेले, फळीवरचे. साडेचार वाजता मी घेतले, नळाखाली धरले, पिळले अन् टाकले दोरीवर. तिन्ही. समजला काय? विसरलेला माणूस असं नाही करत. मले प्रत्येक घंट्याचं माहीत होतं — बारा, सू नाही. एक, नाही. दोन, तीन, चार, नाही. चौतीस वर्षं गाडीचा टाइम लिहिला मी, दोन मिनिटं लेट तं दोन मिनिटं लेट, ड्रायव्हर हातापाया पडले तरी खोटा नाही लिहिला. अन् घरी हे केलं. काहून केलं? पाळणाघरात टाकतीन म्हणून. दुसरं काय! वाटलं, आता होईन, आता पाच मिनिटांत होईनच, तं झाली म्हणून सांगितलं अन् दाखवलं तं काय बिघडते? होईनच तं आहे. डॉक्टर म्हणाला, अजून थोडा उशीर झाला असता तं — पुढचं मी नाही विचारलं.

अन् हे पाहा. हा कागद. सकाळी दिला तिनं. पाळणाघराचा फारम आहे. म्हणे, बाबा, अर्धा दिवस तिथं ठेवू, दुपारी तुम्ही घेऊन या, तुम्हाले बी त्रास नको. अन् इथं — चश्मा नाही माह्याजवळ, तूच वाच — लेकरू कोणाच्या ताब्यात द्यायचं. आई, बाप, अन् तिसरं? वासुदेव. तिनं लिहिलं, तिच्या हातानं. इथं फक्त माही सही पाहिजे. सकाळपासून खिशात घेऊन फिरून राहिलो. तिनं एका विसरभोळ्या बुढ्याचं नाव लिहिलं आहे, भैया. तो मी नाही न.

पेन नको. राहू दे म्हटलं न. ते पाहा, सिस्टर तुह्या नावानं ओरडून राहिली, ऐकू नाही येत काय तुले? घे लेकराले, नीट धर, मान सांभाळ. जे पाहिलं असन तेच सांगजो आत. अन् माह्याकडे असं नको पाहू. जिन्यावरून येऊन राहिली न, निळ्या ओढणीची, हातात थैली — तीच. जा तू. जा न बापा, उठ, जागा कर तिले.

देवयानी, इकडे ये पोरी. झोपून आहे ती, तिचं सगळं ठीक आहे. ऑटो थांबला तं थांबू दे. थैली खाली ठेव अन् बस इथं. नाही, सही नाही केली अजून. तू आधी बस.