मऊ टायर

"आई, ही स्पोर्ट्स सेडान आहे, बैलगाडी नाही! हिला मऊच टायर लागतात," पुण्याहून आलेला माझा सुधीर अमरावतीच्या टायरच्या दुकानात माझ्यावरच ओरडला.

मी म्हटलं, "मऊ रबर दोन वर्षांत घासून जाते. हे कडक घे, पाच वर्षं चालतात. मी शाळा नाई शिकली, पण आंधळी नाई!"

दुकानवाले रफीकभाई म्हणाले, "मावशी बराबर बोलून राहिल्या."

सुधीर अजूनच चिडला. "पाच वर्षं काय करू? दोन वर्षांनी गाडी विकून आम्ही कायमचे कॅनडाला चाललो!"

बोलला आणि त्यानं जीभ चावली. आईला हे असं कळलं, बायांनो, टायरच्या दुकानात.

मी म्हटलं, "रफीकभाई, मऊच बसवा, हा गेल्यावर मी तरी कितीक चालीन?"