इब्राहिमच्या लाल गाडीचे पाइप

सन दोन हजार चोवीस, तेव्हा मी बाहत्तर वर्षांचा, आणि हे बाहत्तरसुद्धा आईच्या हिशेबानं, ती सांगायची तू झालास तेव्हा भात पोटरीला आलं होतं, साल मात्र मास्तरांनी शाळेत नाव घालताना आपल्या मनानं लिहिलं. शाळा चौथीपर्यंत. आमचा गाव देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगरात, भावकी सगळी शेतीवाली, आणि मी एकटाच असा निघालो की ज्याला नांगरापेक्षा एसटीच्या इंजिनाचा वास बरा वाटायचा. बापूस बोलला, जा मग, वास घेत फिर. आलो रत्नागिरीला. एका उस्तादाच्या हाताखाली राहिलो, ट्रकचं काम, आणि तिथंच मला इब्राहिम भेटला, राजिवड्याचा, माझ्याच वयाचा. एका ताटात जेवलो, एकाच ट्रकखाली झोपलो, उस्तादाचा मार खाल्ला तो पण अर्धा अर्धा. पुढं तो कुवेतला गेला, मी नाचणे रोडला स्वतःची शेड टाकली. तो मला अजून चिडवतो, गण्या, तू हातखंब्याचा तिठा ओलांडला नायस. मी बोलतो, तू समुद्र ओलांडलास, पण अक्कल मधेच कुठं पाण्यात पडली काय ते बघ.

तर कुवेतवरून येताना त्यानं ही गाडी आणली, बोटीतून. लाल. दोन माणसांची, जमिनीला पोट लागेल एवढी बुटकी, पळायसाठीच केलेली, आपल्या रस्त्यांसाठी नाय. कंपनीचं नाव मी सांगणार नाय, त्यात कंपनीची काय चूक नव्हती, एवढ्या वर्षांनी माणसाचेपण पाइप गळायला लागतात. इंजिन पाठी, बसणाऱ्याच्या पाठीला लागून, मधे फक्त एक पत्रा. हे नीट ऐका, कारण माझा जीव खाल्ला तो ह्याच गोष्टीनं. पुढं इंजिन असलं तर धूर दिसतो. पाठी पेटलं तर पहिलं कळतं ते मानेला.

त्या चोवीस सालात भाताची कापणी चालू होती, उकाडा असा की चिऱ्याच्या भिंतीला पाठ टेकवत नव्हती. इब्राहिम गाडी घेऊन शेडवर आला. बायकोला, म्हंजे झुलेखाभाभीला, तिच्या माहेरी न्यायचं होतं, दापोलीच्या पुढं मुरुडला. निकाहाला पन्नास वर्षं होत होती. गाडी नवी आली तेव्हा ह्याच गाडीतून तिला माहेरी नेलं होतं, सगळा मोहल्ला बघायला जमला होता, तर तसंच एकदा परत ने, असं तिनंच मागितलं होतं. बोलला, तेलपाणी बघ, रविवारी निघतो. मी बोललो, चालूच ठेव, आणि पाठचं झाकण उघडलं. आणि काय सांगू तुम्हाला, मोठा आवाज नाय काय नाय, नुसतं भप्प, घरातला स्टो पेटतो तसं, आणि कार्बोरेटरच्या खाली ज्योत फिरायला लागली. पेट्रोलला पाणी मारायचं नसतं, पेट्रोल पाण्यावर बसून पळतं आणि आग सोबत नेतं. बाजूला गडग्याच्या, म्हंजे कुंपणाच्या भिंतीच्या, कामाची तांबडी माती पडली होती, ती आधी ओंजळीनं, मग घमेल्यानं ओतली. विझलं. माझ्या हाताचे केस जळले. इब्राहिम आत बसून आरशात दाढी बघत होता, त्याला काय पत्ताच नाय. उतरला आणि पहिला शब्द काय, तर मेल्या, माझ्या कार्बोरेटरात माती घातलीस.

माती धुतली, मग पेट्रोलचे रबरी पाइप बघितले. बाहेरून काळेकुळकुळीत, नव्यासारखे चमकत होते. बोटांत धरून दाबला तर आतल्या आत भुगा, शिळ्या घावन्यासारखा. बोटाचा वास घेतला, पेट्रोल होतंच, पण पेट्रोलच्या पाठी खोबरेल तेल. बोललो, हे काय रे. तर छाती काढून सांगतो, दर वर्षी पावसाच्या आधी मी स्वतःच्या हातानं लावतो, सगळ्या रबराला, गाडी आणली तेव्हापासून, म्हणून तर बघ कसे मऊ राहिलेत. आता आपल्याकडं खोबरेल कशाला लावत नाय? डोक्याला, तान्ह्या पोराला, कोयत्याला, दाराच्या बिजागरीला. त्यानं प्रेमानं लावलं. पण रबर तेलानं मऊ पडलं म्हंजे ते सडलं. आणि वरून हल्लीच्या पेट्रोलात ते स्पिरिट मिसळतात, ते जुन्या रबराला आतून खातं. बाहेरून तेल, आतून स्पिरिट. कोणी जास्त खाल्लं ते मी सांगू शकत नाय, मी तिथं बघत बसलो नव्हतो.

मी बोललो, हे सगळं बदलणार. आणि नुसते पाइप नाय, वाटपण बदलणार. बनवणाऱ्यानं पेट्रोलचा फिल्टर टांगलाय डिस्ट्रिब्युटरच्या बरोबर वर, म्हंजे जिथून प्लगांना ठिणगी वाटली जाते तिथंच, त्याच्या डोक्यावर. एक थेंब सुटला की ठिणगीवर. तो फिल्टर मी तिथून उचलणार. इब्राहिम ऐकेना. बोलला, गाडी जशी आणली तशीच राहील, माझ्याकडं तिकडचे जुने पाइप पडलेत, ते घाल. ते कशात ठेवलेत, मी विचारलं. बोलला, डब्यात, खोबरेल घालून. मी कपाळाला हात लावला. मग शब्दानं शब्द वाढला. तो बोलला, मी तिकडं शेखांच्या गाड्या चालवल्यात, तू मला शिकवू नको. मी बोललो, चालवल्यास, त्यांच्या पोटात हात घातला तो दुसऱ्या कोणी. तो बोलला, गाडी माझी हाय, मी नेतो. तर मी काय केलं, डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं, आत अंगठ्याएवढा रोटर असतो, त्याच्याशिवाय ठिणगीच पडत नाय, तो काढून शर्टाच्या खिशात टाकला आणि बोललो, ने.

गेला चालत. रविवार आला आणि गेला, तो आला नाय. बाजारात दिसला तर पापलेट बघत राहिला, माझ्याकडं बघितलं नाय. मीपण मासे न घेता घरी आलो. मला भीती एवढीच की हा हट्टी माणूस कुठून तरी दुसरा रोटर मागवील, शेडचं कुलूप तोडील आणि भाभीला घेऊन जाईल. आणि वाट कुठली, तर किनाऱ्याची, जयगडला फेरीबोट, पुढं हेदवी, गुहागर करत धोपाव्याला परत फेरीबोट. तापलेली गाडी बंद करून बोटीवर उभी करायची, पुढं मोटार, पाठी मोटार, दार उघडायला जागा नाय. पेट्रोल तेव्हाच उकळतं, गाडी थांबल्यावर. माझ्या डोळ्यांसमोरून ती बोट हलेना.

मग एका सकाळी दोघं रिक्षातून आली. भाभीच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, काठीशिवाय चालवत नाय. ती बोलली, गणूभाव, तुमच्या दोघांच्या भांडणात मी माहेरी कधी जायची ते सांगा. मी तिला आगीचं सांगितलं. इब्राहिमनं घरात सांगितलंच नव्हतं. ती त्याच्याकडं बघायला लागली, आणि तो बोलला, एवढीशी होती गो, स्टो एवढी. मी बोललो, भाभी, गाडीत बसा. तिला वाटलं मी मानलो. आमी दोघांनी धरून तिला खाली, आत, आत बसवलं, ती हसली, बोलली, पहिल्यासारखीच हाय. मी दार लावलं, इब्राहिमचा दंड धरला आणि बोललो, आता तू हात लावायचा नाय. आणि तिला बोललो, भाभी, पाठी आग लागली. उतरा.

ती दार उघडू शकली. पाय बाहेर काढायला गेली तर गुडघा वळेना. हातानं छताला धरलं, उठली अर्धी, परत बसली. ओढणी हँडब्रेकला अडकली. तरी ती हसत होती, मग हसू थांबलं. इब्राहिमनं हात सोडवायचा प्रयत्न केला, मी सोडला नाय, म्हातारा असलो तरी पान्यानं घडलेला हात हाय हा. ती इब्राहिमकडं बघून बोलली, अहो, मला नाय येत उठायला. तेव्हा मी त्याला सोडला. त्यानं तिला उचलली, बाकड्यावर बसवली, आणि शेडबाहेर जाऊन पाठमोरा उभा राहिला. परत आला तो बोलला, काढ सगळे.

मग काम केलं. टाकीपासून इंजिनापर्यंत धातूची नळी, पत्र्याला क्लिपा मारून, सायलेन्सरपासून लांबच्या बाजूनं. रबर फक्त जोडाला, छोटं छोटं, नव्या पेट्रोलला चालणारं, ते मी कोल्हापूरवरून मागवलं. फिल्टर खाली टाकीपाशी नेला. तारेनं कुठं बांधलं नाय, सगळीकडं पक्क्या क्लिपा. आणि दाराच्या बाजूला, हात सोडला की लागेल असा मोठा खटका, तो दाबला की पेट्रोलचा पंप आणि ठिणगी दोन्ही एकदम बंद. आग विझवायचा लाल सिलिंडर सीटच्या पाठी. इब्राहिम रोज येऊन बसायचा. शेवटचा पाइप कार्बोरेटरवर चढवायचा होता, तो बोलला, हा मी घालतो, गाडी माझी हाय, एक तरी जोड माझ्या हातचा राहू दे. बोललो, घाल. मी टाकीच्या खाली आडवा होतो. त्यानं घातला, क्लिप आवळली, बोलला, बघ, लोण्यासारखा गेला.

लोण्यासारखा. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं, पण मी खुशीत होतो.

खिशातला रोटर परत बसवला आणि निवळीच्या चढावर गाडी घेऊन गेलो, मी चालवत, तो बाजूला. दोनदा वर खाली केली, इंजिन चांगलं तापवलं, आणि वर कडेला घेऊन चालूच ठेवली. पाठी पंप टकटक करत होता. इब्राहिम बोलायला लागला, बघितलंस, उगाच घाबरवतोस माणसाला. मी बोललो, गप. वास होता. थोडा होता, मग जास्त झाला. मानेला पत्रा गरम लागत होता, तो इंजिनाचा की कशाचा ते कळेना. मी खटका दाबला. इंजिन जागच्या जागी मेलं. बोललो, उतर. तो पट्टा शोधायला लागला, मी ओरडलो, उतर आधी, आणि आमी दोघं म्हातारे दोन बाजूंनी गुडघ्यावर पडत बाहेर आलो. आग नव्हती. झाकण उघडायच्या आधी मी थांबलो, सिलिंडर हातात घेतला, मग उघडलं. त्याचा पाइप, त्याच्या हातचा, नळीवरून सरकत सरकत टोकाला आला होता, खाली पेट्रोलचा ओघळ, गरम लोखंडावरून वाफ. अजून थोडं चाललं असतं तर पाइप सुटला असता आणि पंपानं इंजिनाला आंघोळच घातली असती. मी पाइप काढला, आत बोट घातलं. बुळबुळीत. वास घ्यायची गरजच नव्हती.

इब्राहिम बोलला, तेल मी लावलं. जाईना म्हणून जरासं लावलं.

जे तेलानं सरसर चढतं ते तापल्यावर तेलानंच सरसर उतरतं. मी त्याला तिथं रस्त्याच्या कडेला जे बोललो ते तुमी लिहू नका, त्याची नातवंडं वाचतील. तो कठड्यावर बसला आणि बोलला, ती बाजूला असती तर. 

जोड कोरडा पुसून, नवा तुकडा घालून परत केला, हात भाजले तरी कोरडाच चढवला. चढावर परत नेली, परत तापवली, परत थांबवली, आणि असं मी एवढ्या वेळा केलं की रस्त्याकडेचा चहावाला विचारायला लागला, काका, विकायला काढलीय काय. वास आला नाय. मग रविवारी दोघं गेली. भाभीनं मोतिया रंगाची साडी नेसली होती. मी इब्राहिमला बोललो, फेरीबोटीवर सगळ्यात शेवटी चढ, कडेला घे, दार उघडं राहील एवढी जागा ठेव, आणि गाडी बंद केल्यावर तिच्यापासून हलू नको. तो बोलला, नाय हलत. संध्याकाळी फोन आला, पोचलो, बोटीवर काय झालं नाय, तिला खाडीवरचा वारा लागला, खूश हाय. घरचे बोलले, आता तरी नीट जेवा. जेवलो. पण मला सांगा, गेलेली गाडी परत यायचीच ना? त्याच दोन बोटी, तोच तापलेला पत्रा, आणि जोड पहिल्या लांबच्या पल्ल्यानंतरच ढिले पडतात. देवानं त्यांना पन्नास वर्षं सांभाळलं, आणखी सांभाळील, पण क्लिप देव आवळत नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली एसटी धरून मी दापोलीला गेलो, पुढं रिक्षानं मुरुड. इब्राहिम सासुरवाडीच्या खळ्यात पाठचं झाकण उघडून बसला होता, कपडा हातात, बोलला, मी कशाला हात लावला नाय, मला वाटलंच होतं तू येणार. मी एकेक क्लिप बघितली, दोन आवळल्या. भाभीनं चहा दिला, माडाच्या सावलीत बसून प्यालो. मग परतीला निघताना आमी दोघांनी तिला धरून आत बसवलं, ओढणी नीट आत घेतली, दार मी माझ्या हातानं लावलं, आणि गाडीत तिसऱ्याला जागा नसते म्हणून दापोलीची रिक्षा बघायला चालत नाक्यावर गेलो.