फिरत्या रंगमंचाखालची पाचर

मी मालोजी गोमा ठोंबरे, वय ७१ वर्षे, धंदा सुतारकाम व नाटकांचे स्टेज बांधणे, शिक्षण चौथी, राहणार दहिवली, तालुका कर्जत, जिल्हा रायगड. आज दिनांक ११ फेब्रुवारी २०२५ रोजी, कोणी बोलावले नसता, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

मी पत्नी अंबाबाईसह वरील पत्त्यावर राहतो. चाळीस वर्षे कर्जत-खालापूरकडच्या गावोगावच्या नाट्यमंडळांना स्टेज बांधून दिले. फिरता रंगमंच मी कुणाकडे शिकलो नाही, बैलगाडीच्या चाकाकडे बघून डोक्यात आला. लाकडी चकती, खाली चाके, आणि दांड्याला चार माणसे लावून फिरवायची. प्रवेश चालू असता चकती हलू नये म्हणून खाली पाचर ठोकतात. ज्याने ठोकली त्यानेच ती काढायची, असा आमचा रिवाज आहे.

झुहेब बद्रुद्दीन बुबेरे, वय ३५, राहणार खोपोली, हा माझ्या हाताखाली नऊ वर्षे होता. आता त्याचा साजगावला लोखंडकामाचा गाळा आहे. यंदा आमच्या गावच्या नाट्यमंडळाने स्टेजचे काम त्याला दिले. अध्यक्ष राजेश घरी येऊन म्हणाले, "काका, तुमी आता पुढं खुर्चीत बसा. झुहेबचं बटनावर फिरतंय." मी त्यांना चहा पाजला. आनंद आहे म्हणालो.

९ तारखेस दुपारी ३ वाजता आम्ही उभयता रंगीत तालमीला गेलो. सगळे झुहेबभोवती होते. अंबाबाई म्हणाली, "बगा तरी, दह्यात रवी फिरावी तसं फिरतंय." माझ्या स्टेजबद्दल ती चाळीस वर्षांत एवढे बोललेली नाही. झुहेबने मला पहिल्या रांगेत खुर्ची आणून दिली. मी बसलो नाही.

साडेतीनच्या सुमारास मंडळी चहाला गेली असता मी चकतीखाली वाकून पाहिले. काम चोख होते. अंगण वाकडे म्हणायलाही जागा नव्हती. पिशवीतली माझी बाभळीची पाचर मी खाली ठोकली. सवयीने ठोकली, असे घरी सांगितले. ते अर्धेच खरे आहे. चकती अडेल आणि चारचौघांत "काका, बगा जरा" अशी हाक येईल, एवढे मनात होते. माझ्या स्टेजखाली पाचर राहिली तर ढकलणाऱ्याच्या हाताला कळते, तो थांबतो. मोटार थांबत नाही, हे ध्यानात आले नाही.

पावणेचारला झुहेबने बटन दाबले. चकती अडली, गुरगुरली, मग हिसका बसला. चकतीवरची प्लायवूडची भिंत कोसळून नाटकात आईचे काम करणाऱ्या सोनालीच्या डाव्या पायावर पडली. घोटा मोडला आहे.

झुहेबने खाली शिरून पाचर काढली. माझ्या प्रत्येक पाचरेवर 'मा' कोरलेला असतो, हे त्याला माहीत आहे. त्याने माझ्याकडे पाहिले, पाचर खिशात घातली व राजेशना म्हणाला, "चूक माझी. मोटारीत लोचा झाला." त्यावरून राजेशनी त्याच्याविरुद्ध तक्रार दिली. मी तिथेच उभा होतो. मग अंबाबाईला घेऊन घरी आलो.

काल सकाळी झुहेब घरी आला. पाचर ओट्यावर ठेवून म्हणाला, "काका, तुमी ठोकलेली मी काढली. माफ करा." चहा न घेता गेला.

ज्याने ठोकली त्याने काढायची, म्हणून आलो आहे. झुहेबचा दोष नाही. पाचर हजर केली आहे.

हवालदारसाहेबांनी हा जबाब मोठ्याने वाचला, मग मी चष्मा लावून वाचला. त्यात 'चुकून ठोकली' असे लिहिले होते, ते खोडायला लावले. आता बरोबर आहे.