मागचा कोपरा

ठिकाण : इंदापूर पोलीस ठाणे
दि. १३/०४/१९९६, सकाळी १०.४० वा.

मी, बुद्धघोष भानुदास लोंढे, वय २४ वर्षे, शिक्षण सहावी नापास, धंदा स्पीकरचे खोके करण्याच्या कारखान्यात कामगार, रा. पळसदेव, ता. इंदापूर, जि. पुणे, हल्ली मुक्काम बंगलोर. ठाण्यात आपल्या पायाने हजर होऊन सांगतो की,

वरील पत्त्यावर माझे वडील भानुदास सखाराम लोंढे, वय ५८, व आई रंगुबाई राहत होते. आता आई राहते. मी चौदाव्या वर्षी घर सोडले. आधी बारामती एमआयडीसीत होतो, मग इचलकरंजी, मग हुबळी. कुठेच वर्षाच्या वर टिकलो नाही. भांडण कोणाशी नव्हते. बंगलोरला मात्र तीन वर्षे झाली. खोक्याच्या कामात मन लागले.

वडिलांनी वीस वर्षे खडी मशीनवर काम केले. त्यात कान गेले. बारीक आवाज गेला, जाड आवाज राहिला. एसटी आलेली त्यांना कळे, आईची हाक कळत नसे. त्यांना लिहितावाचता येत नव्हते आणि मला लिहायचा कंटाळा, म्हणून आम्ही एकच कॅसेट पोस्टाने इकडून तिकडे पाठवत असू. पहिल्या बाजूवर मी बोलायचो, दुसऱ्या बाजूवर ते. ऐकून झाले की त्यावरच पुढचे बोलणे भरायचे. त्यामुळे मागचे काही शिल्लक नाही.

डिसेंबरात मी चार दिवस घरी आलो होतो. तेव्हा आबा, म्हणजे वडील, टेप कानाला लावून म्हणाले, "आवाज हाय, पर तू काय बोलतो त्ये कळत न्हाय. मंग तुझी आय कानाशी वरडून सांगती. आन तिच्या मनाचं बी घालती त्यात." आई म्हणाली, "मनाचं न्हाय घालत. एवढंच म्हणते, लगीन करून द्या म्हणतोय पोरगं." मी तसे कधी म्हटलेले नव्हते.

त्यावर मी त्यांना कोपऱ्यात बसवायच्या खोक्याची गोष्ट सांगितली. हा खोका तिकोनी असतो. आत फळ्यांची वळणे असतात, आवाज त्यातून फिरून मागच्या दोन तोंडांतून भिंतीवर येतो आणि भिंतीच्या अंगाने खोलीत पसरतो. म्हणजे खोका अर्धाच असतो, उरलेला अर्धा घराच्या भिंती. जाड आवाज त्यातून भरपूर निघतो. आबा हसले व म्हणाले, "तू कवा एका कोपऱ्यात बसला न्हाईस, आन आवाजाला बसवतो व्हय रं?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच मागच्या खोलीत वितीने जागा मोजली. चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्तीतल्या सगळ्यांना घरी बोलावून ऐकवायचे, असे ठरले.

फेब्रुवारीत मी बारा इंची स्पीकर आणि प्रत्येक फळीच्या मापाचे कागदी फर्मे एसटीच्या पार्सलने पाठवले. कानडी पेपर चिकटवून फर्मे केले होते. त्यावरून गावातले जोतीराम सुतार यांनी पाऊण इंची प्लाय कापून खोका जोडला. जोतीराम हे वडिलांचे जुने स्नेही. आमच्यात व त्यांच्यात वैर नाही व कधी नव्हते.

मार्चअखेर मी कॅसेटमध्ये जे बोललो ते मला पाठ आहे. "आबा, कुठल्याच घराचा कोपरा काटकोनात नसतो. खोका बसला न्हाय तर मागचा कोपरा चार बोटं तासून घ्या. फट ठेवू नका. फट राहिली की आवाज पळतो."

आमच्या कारखान्यात मागचा कोपरा म्हणजे खोक्याची मागची धार. ती तासून सपाट केली की खोका कुठेही बसतो. दिवसातून दहा वेळा हा शब्द तोंडात येतो.

आमच्या घरात मागचा कोपरा म्हणजे मागच्या खोलीचा कोपरा. लाकडे कुठे, मागच्या कोपऱ्यात. विळा कुठे, मागच्या कोपऱ्यात. लहानपणी मी रुसून तिथेच बसत असे, त्यालाही आई तेच म्हणायची. उजनी धरणाचे पाणी आले तेव्हा आबांनी जुन्या गावातल्या घराचे दगड बैलगाडीतून वर आणले, आणि नवे घर त्याच कोपऱ्यापासून चढवायला घेतले. दगड आणि माती, सिमेंट नाही. हे सगळे मला ठाऊक होते. बोलताना ध्यानात आले नाही.

दि. ०९/०४/९६ रोजी मी कामावर होतो. घडले ते आईने सांगितले. सकाळी नऊच्या सुमारास जोतीराम स्क्रू आणायला भिगवणला गेले. आबांनी बुद्धाची व बाबासाहेबांची तसबीर भिंतीवरून उतरवून बाहेर बाजेवर ठेवली, वर धोतर झाकले. मग खोका पुढच्या खोलीत ओढून ठेवला आणि पहार घेऊन मागच्या खोलीत गेले. आई अंगणात भांडी घासत होती. तिला वाटले, खोका सरकवतात. अकराच्या आत कोपरा खाली आला. तिने हाक मारली. त्यांना तिची हाक ऐकू येत नसे, म्हणून ती बराच वेळ मारत राहिली. शेजाऱ्यांनी माती काढली तेव्हा जीव नव्हता.

तार मिळाल्यावर मी निघालो. अकरा तारखेला पोहोचलो. सगळे उरकले होते.

माझे चुलते सोमनाथ सखाराम लोंढे यांनी, जोतीरामने भिंत उकरून ठेवली म्हणून हे झाले, अशी तक्रार दिली आहे. जोतीराम कालपासून चौकशीला येतात. आत्ताही बाहेर बाकावर आहेत. येताना मला म्हणाले, "बुद्धा, म्या खोका केला रं. भित्ताड न्हाय शिवलो."

टेप आणि त्यातली कॅसेट ढिगाऱ्यातून काढून पंचनाम्यात घेतली आहे. ती कोणी वाजवली नव्हती. दुसरी बाजू लावा, अशी विनंती मीच केली. आज माझ्यासमोर व हवालदारसाहेबांसमोर ती लावली. त्यावर वडील बोलतात ते असे :

"बुद्धा, खोका झाक झालाय. पर बसंना. जोतीराम म्हणतो, खोक्याचाच कोपरा तासू, घटकंचं काम हाय. म्या म्हटलं, गप रं, पोरगं त्यातलं शिकलंय, त्यानं मागचा कोपरा म्हटलंय. खोक्याला हात लावायचा न्हाय. जोतीराम भिगवणला गेलाय, तवर उरकतो. चार बोटं म्हंजी तुझी का माझी, त्ये सांगितलं न्हाईस. माझीच धरतो. खोका बसला की त्येचा आवाज हितंच म्होरं भरतो, मंग टाकतो पोष्टात. तुला बी कळंल कसा वाजतोय."

त्यापुढे कॅसेट कोरी आहे. कोणी बटण दाबले नाही. बाजू संपेपर्यंत आम्ही ऐकत बसलो.

यावरून जोतीराम सुतार यांचा यात काही दोष नाही. ते बरोबर सांगत होते. भिंत तासायला माझ्या वडिलांना मी सांगितले. माझ्या मनात ते नव्हते, पण शब्द माझाच होता. कोणाचे नाव लिहायचेच असेल तर माझे लिहावे. पुढच्या खोलीतला खोका आता जोतीरामांच्या पडवीत आहे. त्याला ओरखडा नाही. मागचा कोपरा अजून तासलेला नाही.

कॅसेट मुद्देमालात जमा आहे. तिच्यावर दुसरे काही भरले जाऊ नये, एवढी विनंती आहे.

लिहून घेतलेले मला मोठ्याने वाचून दाखवले, ते मी बोललो तसेच आहे. कॅसेटच्या पहिल्या बाजूचा आवाज माझा आहे. दुसऱ्या बाजूचा आवाज माझ्या वडिलांचा आहे. दोन्ही मी ओळखले.

सही
बुद्धघोष भानुदास लोंढे