येऊ द्या, येऊ द्या

तुम्ही नावेचे विचारलेत, म्हणून सांगतो. दिवंगत पत्नीची ती लहानशी नाव पुन्हा एकदा तरी पाण्यात उतरावी, या इच्छेने मी चौक गावच्या गॅरेजात नावेच्या मापाचा ट्रेलर करवून घेतला. मिस्त्रींनी नावेच्या पोटाला टेकू जुळवले.

"भार मधल्या कण्यावर हाय, सर. बाजूचे टेकू नुसते कलंडू नये म्हनून. पन गाडी पाण्याकडं मागं घेताना 'येऊ द्या, येऊ द्या' म्हनायला कोन हाय?"

"कोणी नाही."

"मग मोठे आरसे लावतो. पन आरसा बोलत नाय, सर."

लोकभाषेचा अभ्यासक म्हणून लोकांच्या हाका ऐकून नोंदवण्यात माझे आयुष्य गेले. ही एकच नोंदवायची राहिली. मी गाडी लावताना पत्नीची ती हाक रोज घरच्या फाटकातून ऐकू येई.