खडकावरचा मासा

बहरीनमधल्या उम्म अल हस्समच्या फोटो स्टुडिओत रांगेत माझ्यापुढे दोन मित्र उभे होते. शुक्रवारी वाळवंटातले जुनी चित्रं कोरलेले खडक बघायला गेले होते, त्याचे फोटो नुकतेच हातात पडले होते.

“हुसेन, यात मासा कुठाय? नुसता ओला दगड दिसतोय.”

“विवेक, नीट बघ. ही शेपटी, हे कल्ले.”

“हा चहाचा डाग आहे! अख्खा थर्मास ओतलास. आमची हेमा अजून चिडलीये, तिला घोटभरही मिळाला नाही.”

“वहिनींना सांग, पाणी संपलेलं, मग काय करू? भर उन्हात कोरीव काम दिसत नाही, दगड ओला करावा लागतो.”

“हे तुला कोणी शिकवलं?”

“शिकवायचं काय त्यात? आमच्या घरामागच्या कातळावर असे मासे आहेत, हत्ती आहेत. पाऊस पडला की सगळे दिसतात. उन्हाळ्यात अम्मी त्यांच्यावर आंबोशी वाळत घालते.”

“रत्नागिरीत? आणि हे आज सांगतोस? इतकी वर्षं एका ऑफिसात बसतो आपण!”

“याआधी कधी दगड बघायला नेलं होतंस मला?”

“बरं बाबा. एक कॉपी जास्त काढू, अम्मीला पाठव.”

“नको रे. म्हणेल, कातळच बघायचा होता, तर घरी का नाही आलास?”