आपलं कुणी गेलं न्हाय, त्यांचं कुणी आलं न्हाय

न्हाय, खुर्ची नगं, वट्ट्यावरच बसा श्रीनाथराव — आवो, तुमीच म्हणायचं आता, दिराचा लेक असलाव म्हणून काय झालं, दिल्लीकडनं परमुलखात हद्दीची बोलणी करणारा माणूस, अरे-तुरे कसं करावं — अन् ती शाल पिशवीतच राहू द्या, मला कुठं मिरवायचीय? उद्या पेपरवाले येणार, काकू कायतरी बोलली तर तुमची बोलणी फिसकटायची, म्हणून आलाव न्हवं? व्हय, त्याच्यासाठीच. माझा लेक अमरसिंह सरहद्दीवर कामी आला तवा याया सवड झाली न्हाय.

टीव्हीवर बघितलं की म्या. कोट घालून म्हणलाव — त्यांचं कुणी आपल्या हद्दीत आलं न्हाय, आपलं कुणी त्यांच्यात गेलं न्हाय. सगळ्या बेंबळी गावानं ऐकलं. मग माझं पोरगं मेलं कुठं? आपल्या हद्दीत म्हणावं तर मारणारा आत आला व्हता, त्यांच्यात म्हणावं तर माझा लेक चोर. सांगा की, कुठं? खाली काय बघताव?

बांध कोरणारा कसा असतोय ते आमाला ठावं हाय. शेजारचा बंडप्पा दर साली बांध फोडून नांगराचं एक तास, एक ओळ, आमच्या रानात घालायचा, तुमचे वडील म्हणायचे, जाऊ द्या वैनी, वीतभर तर हाय — अन् म्या अमरला कडंवर घेऊन नांगरापुढं जाऊन बसायची. बैल थांबायचे. पोराला तेच शिकवलं. म्हणून तर त्यानं शेवटचा फोन केला तवा — आई, वरनं हुकूम आलाय, तंबू काढून मागं सरायचंय — तवा म्या म्हणलं, सरू नकू बाबा, बांध सोडला की रान गेलं, बाकीचे जातेत तर जाऊ दे, तू बस — अन् त्यो एकटाच बसला.

काय बघताव असं? दोन्हीकडच्यांनी बी मागं सरायचं, हे तुमीच ठरवलं व्हतं न्हवं? मग मला कुणी सांगितलं व्हतं? म्या लढाई चाललीय असंच धरून बसले व्हते. आईनं काय म्हणावं पोराला?

जावा. पेपरवाल्याला म्या कायबी सांगत न्हाय. अन् फोनचं हे — निकिता आत हाय, अमरची बायको, तिला ठावं न्हाय. तुमी बी बोलू नका. दिल्लीसाठी गप ऱ्हायलाव, तसं माझ्यासाठी ऱ्हावा. उठा आता.